सहकाऱ्याच्या कामाला दाद नेमकी कशी द्यावी?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
मी एका फौंड्रीत मोल्डिंग विभागाचा सुपरवायझर आहे. गेल्या पावसाळ्यात, ओतकाम सुरू होण्याच्या बेतात असताना, कोअर (ओतीव वस्तू, म्हणजे कास्टिंग, आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा भाग) बसवणाऱ्या आमच्या मामांनी साच्यातला एक कोअर नखाने खरवडून पाहिला, तो दमट असल्याचे ओळखले आणि काम थांबवायला लावले. तसाच धातूचा रस ओतला असता तर वाफ आत कोंडून कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे पोकळ छिद्रे, पडली असती. दुसऱ्या दिवशी मी सर्वांसमोर त्यांना हार घातला. मामा अवघडून गेले आणि जोडीदारांनी आठवडाभर त्यांना ‘साहेबांचा माणूस’ म्हणून डिवचले, याचे मला फार वाईट वाटते. आता खंडेनवमी जवळ आली आहे. यंत्रांच्या पूजेनंतर सर्वांना कुंद्याचा सारखाच डबा मिळतो आणि तो तसाच मिळावा. परंतु मामांची कदर वेगळी कशी करावी?

उत्तर (शहापूर)
हार कशासाठी होता, हे बाकीच्यांना बहुधा कळलेच नसावे. आपण त्यांच्या जागेवर जाऊन, ‘मामा, दमटपणा हाताला कसा कळतो, ते नव्या पोरांना दाखवाल का?’ असे विचारावे. आमच्या मागावर तुटलेला धागा सर्वांआधी हेरणाऱ्या एका वृद्ध विणकरांकडे मालक नव्या माणसाला शिकायला बसवत असत आणि त्या दिवशी ते अधिक ताठ बसत, हे मी लहानपणी पाहिले आहे.

उत्तर (निपाणी)
बोनस आणि दाद यांची गल्लत होऊ देऊ नये. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने दिलेला हक्क आहे. माझ्या पूर्वीच्या कारखान्यात बोनस रखडलेला असताना प्रशस्तिपत्रे वाटली गेली. त्यांतली बरीचशी लॉकरवरच पडून राहिली.

उत्तर (खानापूर)
आपल्याकडे एकाच पाळीत मराठी आणि कन्नड माणसे असतात. कन्नड सहकाऱ्याला त्याच्या बोलीत ‘भाळ छलो आत्री’ (फार छान झाले) म्हणावे. माझ्या अनुभवात एवढ्यानेही चेहरा खुलतो. मात्र कोणते काम चांगले झाले, तेही त्याच वेळी सांगावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मी मामांकडे गेलो. त्यांनी एक कोरडा आणि एक दमट असे दोन कोअर माझ्यासमोर ठेवले, माझे बोट धरून दोन्हींवरून फिरवले आणि मग आपणहून दोन शिकाऊ मुलांना हाक मारली.