‘अ’ की ‘ॲन’, आणि गोदावरीपूर्वी ‘द’ का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक) : माझ्या मुलीने शहरावरील इंग्रजी निबंधात ‘अ अवर’ आणि ‘ॲन युनिव्हर्सिटी’ असे लिहिले, आणि बाईंनी दोन्ही खोडले. ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ‘ॲन’ लावावे, हा तिने पाठ केलेला नियम चुकीचा समजावा काय? शिवाय ‘नाशिक’पूर्वी उपपद नको, पण ‘गोदावरी’पूर्वी ‘द’ हवे, असे का?

उत्तर : नियम लिहिलेल्या अक्षराचा नसून उच्चाराचा आहे आणि तो तपासण्याचे साधन मराठी मुलांच्या हाताशीच आहे. उपपदानंतर येणारा शब्द देवनागरीत लिहून पाहावा. त्याचे पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ या शब्दातला एच लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ यू या अक्षराने लिहिली जात असली तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. याच न्यायाने ‘अ वन-वे रोड’. आद्याक्षरांनाही हेच लागू असल्यामुळे ‘ॲन एफआयआर’ बरोबर ठरते, मात्र तेच पूर्ण रूपात लिहिले की ‘अ फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट’ होते.

पुरवणी : ही युक्ती उत्तम आहे, परंतु आपण ‘एक’ लिहितो आणि पुष्कळदा ‘येक’ म्हणतो; त्या सवयीने ‘एमएलए’चा ‘येमेले’ झाला की मूल ‘अ’ लावून मोकळे होते. उलट, वर्ष या अर्थाचा शब्द मराठीत सर्रास ‘इयर’ असा लिहितात, त्यामुळे तो कानाच्या ‘इअर’सारखा भासतो. इंग्रजीत वर्षाचा आरंभ ‘य’ने होतो, म्हणून ‘अ यिअर’ आणि ‘ॲन इअर’. अशा शब्दांचा उच्चार शब्दकोशातच पाहावा.

उत्तर : ‘द’बाबत तर्कापेक्षा रूढी प्रबळ आहे. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा यांच्या नावांपूर्वी ते येते. गाव, शहर किंवा एकट्या डोंगराच्या नावापूर्वी सहसा येत नाही. म्हणून गोदावरीला ‘द’ लागते, आणि ती जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीला लागत नाही. रस्त्यांचे प्रकरण अधिक विचित्र आहे : ‘एम. जी. रोड’ला उपपद नाही, परंतु ‘द मुंबई-आग्रा हायवे’ असे लिहितात. काळाराम मंदिराचे नाव इंग्रजी वाक्यात आले तर तिथे ‘द काळाराम टेम्पल’ असे लिहावे.