एका दिवसाची कार्यशाळा जमवायची आहे: काय बघू, काय टाळू?

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी. आमची २२ जणांची कंपनी, यंत्रांचे सुटे भाग विकतो. विक्रीत ९ जण, बाकी हिशोब, गोदाम आणि सर्व्हिस. साहेबांनी जाहीर केलंय की यंदा सगळ्यांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवायचं, आणि ते जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (मी ऑफिस सांभाळते. म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते माझं.)

तीन ट्रेनरकडून प्रस्ताव मागवले. तिन्हींत नेतृत्व, सकारात्मक दृष्टिकोन, टीम बिल्डिंग. फक्त फॉन्ट वेगळा. साहेबांना 'लोक पेटून उठले पाहिजेत' असा वक्ता हवाय. निवड कशी करू? एक पूर्ण दिवस घ्यावा की दोन अर्धे दिवस? शिवाय पुढच्या महिन्यात मला स्वतःला साठा-व्यवस्थापनाच्या सेमिनारला पाठवताहेत. दोनशे माणसांचा हॉल असतो म्हणे. तिथून रिकाम्या हाताने परत न येण्यासाठी काय करायचं, तेही सांगा.

मागची_रांग:
ट्रेनर राहू दे बाजूला. ट्रेनिंग झाल्यावर सोमवारी सकाळी कुणी काय वेगळं करायला हवंय? हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तारीखच ठरवू नका. सध्या साहेब कशावरून चिडतात ते आठवा, त्यातच विषय सापडेल.

कोरी_पाटी:
ते सोपं आहे. डिस्काउंट! आमची विक्रीची पोरं गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत पाच टक्के सोडून मोकळी होतात.

मागची_रांग:
मग गोदामवाल्यांना दिवसभर कशाला बसवताय? ९ जणांचंच करा.

खडू_डस्टर:
मी स्वतः ट्रेनिंग घेतो, त्यामुळे माझं बोलणं पारखून घ्या.

ट्रेनरकडे प्रस्ताव मागूच नका, तासावार आखणी मागा. प्रत्येक तासात तो किती मिनिटं बोलणार आणि तुमची माणसं किती मिनिटं काही करणार, हे लिहून द्यायला सांगा. तिथेच निम्मे गळतात. मग म्हणा, 'आधी आमच्या दोन विक्रेत्यांशी फोनवर बोलून घ्याल का?' जो 'गरज नाही, माझा कार्यक्रम तयार आहे' म्हणेल त्याचा कार्यक्रम खरंच तयार असतो. सुटे भाग विकणाऱ्यांना आणि विमा विकणाऱ्यांना तो एकच असतो.

तुमच्या विषयाला तिघांचे गट करा. एक विक्रेता, एक गिऱ्हाईक, तिसरा नुसता बघणारा. ९ जणांचे बरोबर तीन गट होतात. गिऱ्हाईक झालेल्याने एकच वाक्य म्हणायचं, 'दुसरीकडे स्वस्त मिळतंय.' बघणाऱ्याच्या हातात घड्याळ. विक्रेत्याने किती सेकंदांत भाव खाली आणला, एवढंच तो लिहितो. मी हे बरेचदा घेतलंय. पहिल्या फेरीत आकडा दहाच्या पुढे क्वचितच जातो, आणि तो ऐकून माणूस स्वतःच ओशाळतो. मग जागा बदलून पुन्हा. तुमची खरी कोटेशनं आणून द्या, गिऱ्हाइकांची नावं झाकून. 'समजा तुम्ही पेन विकताय' वगैरे खेळांत वेळ घालवू नका. हे सगळं दुपारी जेवणानंतर ठेवा, त्या तासाला वक्ता कितीही चांगला असो, ऐकणाऱ्यांचे डोळे मिटतात.

दोन अर्धे दिवस, मधे आठवडाभराचं अंतर, हे माझं ठाम मत. शिकलेलं पटापट विसरलं जातं हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. त्याहून कामाचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, २००६ चा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून दुसऱ्या अर्ध्या दिवसाची सुरुवात स्लाइडने करायची नाही. कोरा कागद द्यायचा, मागच्या वेळचं काय आठवतंय आणि त्यातलं गिऱ्हाइकासमोर काय करून बघितलं ते लिहायचं.

जमा_खर्च:
अर्ध्या दिवसांचं तत्त्व मान्य, पण फिरतीवरच्या माणसांना दोनदा बोलावणं म्हणजे दोन दिवस बुडणं. खडू_डस्टर यांनी येण्याजाण्याचा हिशोब धरलेला नाही. आम्ही एक पूर्ण दिवस घेतला आणि आठवड्याने फोनवर अर्धा तास. बऱ्यापैकी चाललं.

मला सांगायचंय ते फीडबॅक फॉर्मबद्दल. आम्ही एकदा फर्डा वक्ता आणला होता. हशा, टाळ्या, शेवटी सगळ्यांनी हात उंचावून घोषणा. फॉर्मवर झाडून सगळ्यांनी पाचापैकी पाच दिले. महिन्याने मी कोटेशनची फाइल उघडली तर डिस्काउंटचा रकाना जसाच्या तसा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, धंद्यात फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर बसून फोटो काढतो. तुम्ही मागच्या तीन महिन्यांचं सरासरी डिस्काउंट आजच काढून ठेवा. नंतर काढायला गेलात की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

खडू_डस्टर:
येण्याजाण्याचं बरोबर आहे, मागे घेतो. आठवड्याने फोन ही चांगली तडजोड. पण वरिष्ठांचं काय? बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये शिकलेलं कामात उतरतं का याचा आढावा घेतला, त्यात शिकणारा आणि शिकवण्याची पद्धत यांच्या जोडीला कामाच्या जागेचं वातावरण, वरिष्ठांचा पाठिंबा हे वेगळं कारण म्हणून मांडलंय. पोरगा भाव धरून बसला, ऑर्डर गेली आणि साहेब ओरडले, की ट्रेनिंग तिथेच संपलं.

तिसरी_खुर्ची:
सेमिनारबद्दल. फुकट किंवा नाममात्र फीचा असेल तर शेवटचा अर्धा तास मोठ्या कोर्सच्या विक्रीचा धरून चाला. 'आज नाव नोंदवलं तरच सवलत' ऐकू आलं की पेन खिशात आणि पाय दाराकडे. मी एकदा त्या भरात सही केली होती. बारा भागांचा कोर्स, दुसऱ्या भागापुढे गेले नाही.

जाताना आपल्याच गोदामातला एक नडलेला प्रश्न लिहून न्या. 'साठा कसा कमी करू' असा नको. 'अमुक पट्टा वर्षाला चारच विकला जातो, पण नसला की गिऱ्हाईक मशीन बंद ठेवून शिव्या देतं, तो किती ठेवू' असा हवा. दोनशेंच्या हॉलमध्ये माइक तुमच्यापर्यंत येईलच असं नाही, तेव्हा मधल्या सुट्टीत वक्त्याला गाठा. त्याहीपेक्षा शेजारच्या खुर्चीतल्याला विचारा. मला कामाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळालंय. स्लाइडचे फोटो काढत बसू नका, ते पुन्हा कुणी बघत नाही. त्याच संध्याकाळी एक पान लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवा. पुढच्या वेळी पाठवताना का-कू होत नाही.

कोरी_पाटी:
सगळ्यांचे आभार. ९ जणांचा एक पूर्ण दिवस आणि आठवड्याने फोन असं ठरलं. डिस्काउंटची सरासरी काढली, ती इथे लिहायची लाज वाटतेय. तिघांपैकी एकच ट्रेनर पोरांशी आधी बोलायला तयार झाला, त्यामुळे निवड आपोआप झाली. साहेबांना 'पेटून उठणं' सोडायला लावलं, पण दिवसभर बसा म्हटल्यावर ते म्हणाले, 'तासभर येतो, मोबाइल मात्र चालू राहील.'

मागची_रांग:
उत्तम. त्यांनाच गिऱ्हाईक करा.