भुयारी स्थानकाचे खोदकाम आणि आपल्या इमारतीची पूर्वपाहणी

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या कुंपणाच्या भिंतीलगत होणाऱ्या भुयारी मेट्रो स्थानकाचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी इमारतीची पाहणी करणारे पथक शनिवारी सकाळी येणार आहे. प्रत्येक सदनिकेतील भिंती, छत आणि तुळया यांची छायाचित्रे घेतली जाणार असल्याने घरी कोणीतरी थांबावे, ही विनंती.

ए २०३ : पाहणीला माझा विरोध नाही, परंतु माती परीक्षणाचे बोअर घेतल्यापासून दुसऱ्या मजल्यावरील जिन्याजवळची भेग रुंदावली आहे आणि भेग सरकते का हे कळावे म्हणून तिच्यावर बसवलेली काचेची पट्टीही फुटली आहे. आधी याचा लेखी खुलासा घ्यावा आणि मगच पथकाला आत सोडावे.

बी ५०१ : ताई, ती पट्टी मी काल टॉर्च घेऊन पाहिली. भेग सरकली असती तर काच भेगेच्या रेषेतच तडकली असती. येथे मात्र तिचा केवळ खालचा कोपरा उडाला असून शेजारच्या प्लास्टरवर सायकलच्या हँडलचा काळा ओरखडा आहे. शिवाय ही भेग ३ वर्षांपूर्वीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये नोंदलेली आहे. जुने दुखणे आज मेट्रोच्या माथी मारले, तर उद्या खरोखर नवी भेग पडेल तेव्हा आपले म्हणणे कोणीही मनावर घेणार नाही. आधीची स्थिती दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी नोंदलेली नसेल, तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर? पाहणी अडवून नुकसान आपलेच होईल.

स्थापत्य अभियंता म्हणून मला हादऱ्यांपेक्षा पाण्याची अधिक धास्ती वाटते. स्थानकासाठी आधी जमिनीत काँक्रीटच्या भिंती उतरवतात आणि मग त्यांच्या आत साधारण २० ते २५ मीटर खोल खणतात. परंतु भिंतींच्या सांध्यांतून किंवा तळातून पाणी झिरपत राहिले आणि पंपाने ते सतत उपसावे लागले, तर भोवतालची भूजलपातळी उतरते, मऊ चिकणमाती दबते आणि उथळ पायाची इमारत खचू लागते, तीही सगळीकडे सारखी नव्हे. कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोगदा खोदणाऱ्या यंत्राने भूजलाचा साठा फोडला आणि बहूबाजारमधील घरे खचली, काही तर कोसळली. तेथे बोगद्याचे काम होते आणि आपल्याकडे स्थानकाचे आहे, हे मान्य. पण पाणी दोन्हीकडे तेच करते. म्हणून पथकाला कंपनमापकाविषयी अवश्य विचारा, पण भूजलाचा दाब मोजणारे पिझोमीटर आपल्या बाजूला कोठे बसवणार, हे त्याआधी विचारा. आपल्या बोअरवेलची पातळीही आठवड्यातून दोनदा, सकाळी मोटर लावण्यापूर्वी मोजून वहीत लिहावी.

सी १०२ : काकांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. मुंबईच्या मेट्रो ३ वरील आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले आणि २६ मे रोजीच्या पावसात एका अपूर्ण प्रवेशद्वाराकडून त्यात पाणी शिरले. भुयारात उतरण्यासाठी आधी रस्त्यावरून तीन-चार पायऱ्या चढायला लावतात, त्यामागचे कारण हेच आहे. आपल्या फाटकासमोरील प्रवेशद्वारही तसेच उंच असावे. मात्र त्या चौथऱ्याने अडवलेले पाणी आपल्या पार्किंगमध्ये वळणार नाही, अशी गटाराची रचना नकाशात दाखवून घ्यावी. ‘प्रवेशद्वार नको, गर्दी होईल’ हा वाद आपण गेले दोन महिने घालत आहोत, आणि गटाराविषयी एकानेही विचारलेले नाही.

सचिव : पिझोमीटर आणि गटार हे दोन्ही मुद्दे पत्रात घेतो. बोअरवेलच्या नोंदीसाठी वही आणि मोजपट्टी पंपघरात ठेवली आहे.

ए २०३ : ओरखड्याचा उलगडा झाला, सायकल आमच्याच चिरंजीवांची आहे. लेखी खुलाशाची मागणी मी मागे घेते. शनिवारी आम्ही बाहेरगावी असल्याने चावी २०४ मध्ये ठेवत आहे. आतल्या खोलीत कपाटामागे एक बारीक भेग आहे, तिचे छायाचित्र कपाट सरकवूनच घ्यावे.