एट-बिट गेमचं संगीत मंचावर: चिप ठेवायची की सगळं वादकांना वाटून द्यायचं?

त्रिकोणी लाट (धागाकर्ता)

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. एट-बिट काळातली (ऐंशीच्या दशकातल्या साध्या गेम-मशीनची) रचना दहा-बारा वादकांसाठी लिहायची असेल तर त्या मशीनमधल्या आवाज काढणाऱ्या मूळ चिपचा निदान एक आवाज मंचावर जसाच्या तसा राहिला पाहिजे. सगळं व्हायोलिन-ट्रंपेटला वाटून टाकलं की हातात उरते ती नुसती चाल, आणि या संगीतात चाल हा निम्माच माल आहे.

फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती गेम-मशीनच्या (१९८३) रिको २ए०३ चिपवर पाच चॅनेल: दोन पल्स (चौकोनी लाटेचे), एक त्रिकोणी लाटेचा, एक नॉइज (नुसती खसखस) आणि एक हलक्या दर्जाच्या सॅम्पलसाठी (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यासाठी). म्हणजे एका वेळी सूर तीनच. त्यात परत गोळी सुटली की तिच्या आवाजासाठी यातलाच एखादा चॅनेल क्षणभर पळवला जाई. एवढ्यात कॉर्ड बसवायचा कुठे? मग एकाच पल्सवर सा-ग-प फिरवत ठेवायचे, दर फ्रेमला (टीव्हीवरच्या दर चित्राला) एक, म्हणजे सेकंदाला साठ. कानाला तो धड कॉर्ड वाटत नाही आणि तानही वाटत नाही. एकच खरखरीत, झिळमिळता आवाज ऐकू येतो. आता हे वादकाला देऊन बघा. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत मात्रेला चार स्वर म्हणजे सेकंदाला दहा. बरा व्हायोलिनवाला ते काढतो. साठ कोणीच काढत नाही. तीन व्हायोलिनना तीन स्वर देऊन ट्रेमोलो (बो झपाझप थरथरवणं) लिहिला की गुळगुळीत सिनेमाछाप कॉर्ड तयार, धार गेली.

दुसरी नेहमीची गफलत. पल्स-२ पुष्कळदा पल्स-१ चीच चाल थोडी उशिरा आणि बारीक आवाजात वाजवतो. तो एको आहे. ऐकून नोटेशन उतरवणारे त्याला दुसरी ओळ समजतात, सेकंड व्हायोलिनला देतात, त्यात हॉलची घुमण मिसळते आणि सगळा चिखल होतो. ती ओळ पार्टमधून सरळ काढा. हॉल कोरडा असेल तर साउंडवाल्याला चालीवर डिले (जरा उशिरा येणारी आवाजाची प्रत) लावायला सांगा.

माझी वाटणी: फ्लूट, क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, ट्रॉम्बोन, चार तंतुवाद्यं, डबल बेस, ड्रम असे अकरा, आणि बारावा चिपवर. चाल पहिल्या फेऱ्यात एकट्या चिपला, दुसऱ्यात ट्रंपेटला, तिसऱ्यात दोघांना. झिळमिळते कॉर्ड कायम चिपवर. नॉइज चॅनेल पूर्ण बंद, ड्रमर आहेच.

सेकंड व्हायोलिन

साफ असहमत. जपानी रचनाकार कोइची सुगियामांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमचं (१९८६) संगीत याच चिपसाठी लिहिलं आणि १९८७ साली टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये ते वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. खुद्द रचनाकाराने चिप घरी ठेवली, तर तिची पालखी आपण का वाहायची? तीन सुरांची मर्यादा ही त्या काळची अडचण होती. तिला शैली म्हणून मखरात बसवणं मला पटत नाही.

आणि सुराचं काय? या चिपमध्ये १७,८९,७७३ हर्ट्झच्या घड्याळाला १६ ने आणि मग एका पूर्णांकाने भागून पल्सचा स्वर निघतो. ४४० हर्ट्झचा ए हा स्वर काढायला भाजक येतो २५४.२, २५४ घेतला की ४४०.४ मिळतात, कोणाला कळणारही नाही. पण १७६० चा ए काढा. भाजक ६३.५६. ६४ घेतला तर मिळतात १७४७.८, म्हणजे १२ सेंट खाली (अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). ६३ घेतला तर १५ सेंट वर. त्यात पुष्कळ वाद्यवृंद मूळ ए ४४० ऐवजी ४४२ ला लावतात, म्हणजे आणखी आठ सेंट. वरच्या सप्तकात फ्लूट आणि चिप एकत्र वाजले की वीस सेंटचं भांडण होतं आणि श्रोत्याला वाटतं फ्लूटवालीच बेसूर.

शिवाय फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीच्या, सुपर फॅमिकॉमच्या (१९९०) रचना घेतल्यात तर तुमचा मुद्दा मुळातच गळतो. तिथे आठ आवाज आणि ६४ किलोबाइट मेमरीत कोंबलेले व्हायोलिन-ट्रंपेटचेच नमुने. नकलेची नक्कल मंचावर ठेवण्यात काय हशील?

खर्जाचा धनी

मी साउंडच्या बाजूने बोलतो. चिप ठेवा किंवा ठेवू नका, पण ठेवणार असाल तर हिशेब नीट करा.

१५० वर क्लिक (वादकांच्या कानात वाजणारी लयीची टिकटिक) लावणाऱ्यांनी लक्षात घ्या: फॅमिकॉमच्या फ्रेम सेकंदाला ६० नसतात, ६०.०९८८ असतात. मात्रेला २४ फ्रेम धरल्या तर लय येते १५०.२५. क्लिक १५०.०० वर आणि शेजारी खरं मशीन असं सोडलं तर तीन मिनिटांत ०.३ सेकंदाचा फरक, म्हणजे पाऊण मात्रा. तालमीत एकेक तुकडा वाजवताना हे लक्षात येत नाही, पूर्ण रचना सलग घेतली की शेवटी सगळे उघडे पडतात. म्हणून मशीन मंचावर मोकळं सोडू नका. एकेक चॅनेल वेगळा रेकॉर्ड करा, बाकीचे म्यूट, आणि क्लिक त्या रेकॉर्डिंगवरून बांधा. उलटं करू नका. रेकॉर्डिंग ताणून क्लिकला बसवलं की झिळमिळत्या कॉर्डची सगळ्यात आधी वाट लागते.

ऑडिओ इंटरफेसला (कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीला) किमान सहा आउटपुट हवेत: १ चाल, २ बेस, ३-४ उरलेलं स्टिरिओ, ५ क्लिक, ६ बोलून दिलेल्या खुणा (‘दुसरा फेरा’, ‘शेवट’). ५ आणि ६ मेन स्पीकरला असाइनच करायचे नाहीत. फेडर खाली ओढून ठेवणं पुरत नाही; घाईत कोणाचा तरी हात लागतोच.

गेमबॉय वापरणार असाल तर चार पेन्सिल सेलवर चालवा. अ‍ॅडॅप्टर लावला की बहुतेक वेळा हमिंग आलंच. हेडफोन सॉकेटमधून स्टिरिओ डीआयमध्ये (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीत) घ्या आणि दोन्ही बाजू मिक्सरपर्यंत वेगळ्या न्या. त्या चिपला पॅन (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं) म्हणजे डावं, उजवं किंवा दोन्ही. अधलंमधलं काही नाही.

आता खरं दुखणं. १२.५ टक्के ड्यूटीची (म्हणजे दर चक्रात लाट तेवढाच वेळ वर असते अशी) पल्स २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये फ्लूट-व्हायोलिनला खाऊन टाकते. तिथे ३ डीबी काढा, व्हायोलिन वाढवत बसू नका, माइक शिट्टी मारेल. आणि ड्रम मंचाच्या कडेपासून सात मीटर मागे असेल तर त्याचा आवाज कडेपर्यंत यायला २० मिलिसेकंद लागतात. मेन स्पीकरला तेवढा डिले द्या, नाहीतर चिप सतत पुढे पळाल्यासारखी वाटते आणि दोष ड्रमरला जातो.

ठेकेदार

शेवटच्या वाक्याला +१, समस्त ड्रमरांच्या वतीने.

क्लिक अकराही जणांना देऊ नका. ड्रमर, कंडक्टर आणि बेस, बस. तंतुवाद्यांना क्लिक दिला की कान सोडून घड्याळ ऐकतात आणि बो ओढण्यातला श्वास जातो. द्यायचाच तर एका कानात, आणि क्लिकचा आवाज टोकदार बीप न घेता लाकडी ठोकळ्यासारखा घ्या. व्हायोलिनच्या माइकपासून हेडफोन वीतभरच लांब असतो. हळू जागी टिक-टिक थेट माइकमध्ये उतरते.

नॉइज चॅनेल बंद ठेवण्याशी सहमत. हाय-हॅट आणि नॉइज कधीच तंतोतंत एकावर एक पडत नाहीत, फाटलेला ठोका ऐकू येतो. पण धागाकर्त्यांनी त्रिकोणी चॅनेलचं सांगितलंच नाही, नाव लावून बसलेत तरी! त्याला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. एक तर चालू, नाहीतर बंद. आणि पुष्कळ रचनांत तोच चॅनेल बेस मध्येच सोडून वरून खाली झपकन घसरतो, टॉम या ड्रमचा आवाज काढायला. ऐकून उतरवणारे ती घसरण डबल बेसच्या पार्टमध्ये ग्लिसांडो म्हणून लिहितात. ती फ्लोअर टॉमची आहे. बेसला तिथे मूळ स्वर धरून ठेवू द्या.

काळी पाच

तुम्ही सगळे ‘चिप म्हणजे क्लिक’ हे धरूनच चालला आहात. तसं काही नाही. सेकंदाला साठ वेळा फिरणारे स्वर लयीशी बांधलेले नसतात, फ्रेमशी बांधलेले असतात. लय ९० असो की १५०, फिरण्याचा वेग तोच. मग सिंथवर अर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर आपोआप फिरवणारी सोय) ६० हर्ट्झवर मोकळा ठेवा, टेम्पो-सिंक (लयीशी जोडणी) बंद, आणि कीबोर्डवाल्याने कंडक्टरकडे बघून कॉर्ड हाताने दाबावेत. हात सुटला की आवाज बंद. क्लिक कोणालाच नको.

बफर (आवाज बाहेर पडण्याआधीचा साठा) ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल ठेवला तर २.७ मिलिसेकंद, पुढचा-मागचा प्रवास धरून दहाच्या आत. तीन मीटरवर बसलेल्या वादकाचा आवाज यायला तेवढाच वेळ लागतो. वेलॉसिटी मात्र बंद करा, सगळे स्वर एकाच जोराने. पियानोची बोटं या आवाजाला शोभत नाहीत. आणि हाताने वाजवलं की ४४२ चा प्रश्नही मिटतो: सिंथचा ट्यूनिंग आकडा ४४२ करा. पूर्णांकाची भानगड खऱ्या चिपला, सिंथला नाही.

त्रिकोणी लाट

@काळी पाच, कॉर्डपुरतं मान्य, आणि छान उपाय. चालीला मात्र हे चालणार नाही. चिपवरच्या चालीत व्हायब्रेटो किती फ्रेमनंतर सुरू होतो, ड्यूटी १२.५ वरून ५० वर कुठल्या फ्रेमला उडी मारते, हे प्रत्येक स्वराला लिहिलेलं असतं. तेवढं बोटांनी रोज सारखं निघत नाही.

@सेकंड व्हायोलिन, सुपर फॅमिकॉमचा मुद्दा तुमचा, तिथे मी हट्ट धरणार नाही. म्हणूनच पहिल्या ओळीत एट-बिट लिहिलंय. पण सुगियामांचा दाखला १९८७ चा. २०२२ च्या बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीत महोत्सवात रॉबर्ट एम्सच्या हाताखाली रॉयल फिलहार्मोनिकने गेमसंगीताची अख्खी मैफल केली ती इलेक्ट्रॉनिक्स सोबत घेऊन, आणि त्यात टिम फॉलिनच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या संगीताची नवी अरेंजमेंटही होती. स्पेक्ट्रमचा बीपर (साधा पीं-पीं करणारा स्पीकर) म्हणजे फॅमिकॉमहून गरीब.

सुराबद्दल: १७६० च्या वर चाल गेली की चिपला एक सप्तक खाली घ्या आणि वरचं सप्तक फ्लूटला द्या. ८८० च्या ए ला चूक दीड सेंट आहे. आणि वृंदाला ४४० ला लावायला सांगणं हा काही गुन्हा नव्हे. फक्त व्हायब्राफोन किंवा ग्लॉकनस्पील असेल तर आधी विचारून घ्या. ती ४४२ ची असली तर तिथे कोणाचं काही चालत नाही.

सेकंड व्हायोलिन

४४० मान्य. पण १५०.२५ ची लय पवित्र का? नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतेक फॅमिकॉमचे क्लोन, पाल (आपल्याकडची तेव्हाची पद्धत) टीव्हीसाठी सेकंदाला ५० फ्रेमवाले. संगीत फ्रेमवर चालतं, म्हणजे तुमची १५० तिथे १२५ झाली. सूर मात्र जेमतेम १६ सेंट उतरला, कारण अशा क्लोनचं घड्याळ १.७७ मेगाहर्ट्झचं. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याच्या कानात बसलेली लय १२५ ची आहे. १५० ला ट्रंपेटवाल्याला डबल टंगिंग (जिभेचे दुहेरी ठोके) करावं लागतं. १२५ ला तीच चाल मोकळी होते आणि तंतुवाद्यांना बो उचलायला जागा मिळते. जपानी मशीनवर १५० होती म्हणून ब्रासचे ओठ फाडायचे, हे कुठलं इमान?

ठेकेदार

ओठांवरून आठवलं. मूळ संगीत फिरत राहतं, त्याला दम लागत नाही. पन्नास सेकंदांची चाल तीन फेरे विश्रांतीशिवाय एकाच ट्रंपेटला लिहिली तर तिसऱ्यात वरचे स्वर तुटणार. दोन ट्रंपेट आहेत ना? चार-चार बारने आलटून पालटून द्या, आणि सांध्यावर एक स्वर दोघांनाही लिहा, नाहीतर तिथे भोक पडतं.

फेरे किती हेही आधी ठरवायची सक्ती नाही. ‘जर्नी’ या गेमचं (२०१२) ऑस्टिन विंटरीचं संगीत शिकागोच्या फिफ्थ हाउस ऑन्साम्बलने समोर चालू असलेल्या खेळाबरोबर वाजवलं, खेळणारा रेंगाळला तर वादकांनाही रेंगाळावं लागतं. ते करायचं तर पार्टमध्ये तुकड्यांना क्रमांक द्या, कंडक्टर बोटांनी क्रमांक दाखवेल, आणि इलेक्ट्रॉनिक्सचे क्लिप एका बारला क्वांटाइझ करून (बारच्या सुरुवातीलाच सुटतील असे बांधून) पेडलवर ठेवा. खूण तुकडा संपण्याआधी पूर्ण एक बार मिळाली पाहिजे. पान उलटायला लागेल असा तुकडा छापू नका.

काळी पाच

तिकीट लावणार असाल तर परवानगीचं तालमीच्या आधी बघा. आपल्या १९५७ च्या कायद्यात अरेंजमेंट हे रूपांतर धरलंय, म्हणजे प्रयोगाचा परवाना वेगळा आणि अरेंजमेंटची संमती वेगळी.

त्रिकोणी लाट

@सेकंड व्हायोलिन, १२५ चा मुद्दा आवडला, पण मग झिळमिळते कॉर्डही ५० हर्ट्झवर आणा. क्लोनवर तेही हळूच फिरायचे. लय क्लोनची आणि खरखर जपानी, असं अर्धवट नको.

सेकंड व्हायोलिन

५० हर्ट्झला ते कॉर्ड आणखी खरखरीत होतात, म्हणजे व्हायोलिन आणखी बुडणार. चालेल, एका अटीवर: चिपचा आवाज मेन स्पीकरमधून नको. एक छोटा स्पीकर ट्रॉम्बोनच्या बाजूला, वादकांच्या ओळीत ठेवा. तिला वाद्य म्हणताय ना, मग वाद्यासारखी एका खुर्चीवर बसू दे.

खर्जाचा धनी

ठेवता येईल, पण त्या स्पीकरसमोर व्हिओलाचा माइक येतो. व्हिओला दोन खुर्च्या सरकवा किंवा तिला तारांखालच्या पुलाजवळ (ब्रिजजवळ) लावायचा क्लिप माइक द्या. मंचाचा नकाशा टाका, मग सांगतो.