नगरपंचायतीचा जुना अग्निशमन बंब : परवाना लागत नाही, मग नोंदणी कशासाठी?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या नगरपंचायतीकडे २००८ साली नोंदलेला बंब आहे. तो फारसा धावलेला नाही, इंजिन ठणठणीत आहे. मात्र खाऱ्या वाऱ्याने टाकीखालच्या पट्ट्या अशा पोखरल्या आहेत की नखाने खरवडले तरी गंजाचे पापुद्रे सुटतात. अग्निशमन वाहनाला परवाना लागत नाही, म्हणून नोंदणीचे नूतनीकरणही नको, असे कार्यालयात सांगितले जाते. हे बरोबर आहे का?

उत्तर १ : नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६(३) नुसार केवळ पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनास परवान्यातून सूट आहे; परंतु नोंदणीची सक्ती कलम ३९ मध्ये आहे आणि तिथे बंबाला अशी सूट नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

उत्तर २ : खरी अडचण वेगळीच आहे, साहेब. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५२अ नुसार, १ एप्रिल २०२३ पासून, नगरपालिका आणि पंचायतींसह शासकीय मालकीच्या वाहनांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांनी संपते. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था व अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना तेवढी सवलत आहे. त्या शब्दांत अग्निशमनाचा उल्लेख नाही. तुमची मुदत २०२३ मध्येच संपली, तेव्हा नव्या बंबाचा प्रस्ताव तातडीने पाठवा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पट्ट्यांची छायाचित्रे प्रस्तावाला जोडतो.