मदत हवी आहे: मराठवाड्यातल्या तंबू टॉकीजवर पीएचडी करायची आहे, कुठे आणि कोणत्या विभागात करू?

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईची. पत्रकारितेत एम.ए. केलंय, नेट झालंय (जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळालेली नाही) आणि सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडीचा विषय मनात पक्का आहे: मराठवाड्यातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीज आणि त्यांचा प्रेक्षक. अडलंय ते कुठे आणि कोणाच्या हाताखाली करावं यावर.

हाताशी काय आहे ते आधी सांगते. जवळच्या गावात एक जुने टुरिंगवाले, म्हणजे तंबू टॉकीज घेऊन फिरणारे, आहेत. त्यांच्या ट्रंकेत गुलाबी, पातळ कागदाची हँडबिलं आहेत आणि त्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने त्या रात्रीचा गल्ला, डिझेलचा खर्च, कोणत्या गावी पावसाने खेळ बुडाला, सगळं टिपलेलं. बायकांची तिकिटं वेगळी मोजलेली आहेत. प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या दोन कांड्या जळत जायच्या आणि त्यांच्यातलं अंतर सतत कसं सांभाळावं लागायचं, हे ते अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवतात. आणखी काही वर्षांनी हे सांगायला कोणी उरणार नाही, म्हणून मला घाई आहे.

आता अडचण. एका मार्गदर्शकांनी माझा आराखडा परत केला. नमुना संख्या किती, गृहीतकं कुठे आहेत, प्रश्नावली कुठे आहे, असं विचारलं. जनसंवादात ही पद्धत रुळलेली आहे आणि मोबाइलच्या वापरावर अभ्यास असता तर ती योग्यच होती. पण पन्नास वर्षांपूर्वी तंबूत बसलेल्या माणसांना 'पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत' या पट्टीवर कसं मोजणार? मला मौखिक इतिहास, दफ्तरं आणि हिशोबाचे कागद एकत्र वाचायला शिकवणारं कोणीतरी हवं आहे.

असं काम चित्रपट अभ्यासाच्या विभागांत होतं. देशातला असा पहिला विभाग जादवपूर विद्यापीठात 1993 साली सुरू झाला, जेएनयूत सिनेमाच्या अभ्यासावर पीएचडी होते, हैदराबादच्या इफ्लूमध्येही (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) चित्रपट अभ्यास शिकवतात. एस. व्ही. श्रीनिवास यांनी तेलुगू सिनेमाच्या चाहता-संघटनांवर जे काम केलंय, त्यात पडद्यापेक्षा पडद्यासमोरची माणसं महत्त्वाची आहेत. मला तीच दिशा हवी आहे. पण तिथे प्रबंध इंग्रजीत लिहावा लागेल आणि माझ्या सगळ्या मुलाखती बीड-परभणीकडच्या बोलीत आहेत. त्या इंग्रजीत नेल्या की निम्मा जीव जातो, असं मला मनापासून वाटतं. आपल्या संभाजीनगरच्या विद्यापीठात प्रवेश घेऊन मराठीतून लिहावं, की बाहेर जावं? दुसरा पर्याय म्हणजे जनसंवादाऐवजी इतिहास किंवा नाट्यशास्त्र विभागातून करणं. पण पुढे प्राध्यापक भरतीत पीएचडी दुसऱ्या विषयातली म्हणून अडवतात का? कुणाला अनुभव असेल तर स्पष्ट लिहा.

हैदराबादचं आणखी एक कारण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे त्या काळातली सरकारी कागदपत्रं पाहायची तर तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात जावं लागतं. तिथलं बरंच दफ्तर उर्दू-फारसीत आहे. नकाशाही आजचा चालत नाही: अंबाजोगाई शोधायची तर मोमिनाबाद, लातूर शोधायचं तर उस्मानाबाद जिल्हा. मी छापील उर्दू अडखळत वाचते, हाताने घसटून लिहिलेलं शिकस्ता वळण जमत नाही. 1948 आधी शाळेत उर्दू शिकलेले कोणी आजोबा तुमच्या घरात किंवा ओळखीत असतील, तर त्यांच्याकडे शिकायला मी येईन.

पैशाचं थोडक्यात. 2022 च्या यूजीसी नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएचडी करता येते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तासिकावाल्यांना ते कोणी देतं का? पूर्णवेळ केलं तर दरमहा 37,000 ची जेआरएफ मिळवायला पुन्हा नेट द्यावी लागेल, नाहीतर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपच्या जाहिरातीची वाट पाहणं आलं. त्यांची फेलोशिप मिळालेल्यांनी पैसे वेळेवर येतात का तेवढं सांगा, घरभाड्याचं गणित त्यावर आहे.

भर: खाली दोघांनी रिळांबद्दल विचारलंय. हो, टुरिंगवाल्या काकांकडे रिळांचे डबेही आहेत, पत्र्याच्या खोलीत. त्यातले काही उघडले की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की हा वास येतो, उष्णतेने ते वाढतं आणि त्या वाफेने शेजारची चांगली रिळंही बिघडतात. वास येणारे डबे मी वेगळे काढायला लावलेत, पण उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कुणी खासगी रिळं दिली आहेत का? मालकी काकांकडे राहून ती तिथे ठेवता येतात का, की दानच करावी लागतात? काका द्यायला तयार आहेत, त्यांच्या मुलाला मात्र कागदावर काहीतरी लिहून हवं आहे. हे उत्तर मला पीएचडीच्या आधी, एप्रिल लागायच्या आत हवं आहे.