चक्कर, तोल आणि फिजिओथेरपी : तुमचे अनुभव सांगा

फोंडा (धागा सुरू करणारी)
गेल्या चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधताना सासूबाईंनी मान वर करून सुपारीचा घोस अडकवायला हात उचलला आणि त्यांच्याभोवती सगळं घर फिरलं. दिराने धरलं म्हणून स्टुलावरून पडल्या नाहीत. त्या रात्रीपासून कुशीवर वळलं की घुंवळ, म्हणजे चक्कर. अर्ध्या मिनिटात थांबायची, भीती मात्र दिवसभर. ‘मानेचं असेल’ म्हणून महिनाभर पट्टा आणि गोळ्या. त्या बसूनच झोपायला लागल्या, वाकायचं सोडलं, तुळशीपुढची रांगोळीही बंद झाली.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांचं डोकं एका बाजूला वळवून झटकन उताणं झोपवलं आणि डोळे पाहिले. बुबुळं फिरत थरथरत होती. बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर! आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेले होते. मग फिजिओथेरपिस्टनी ‘एप्ली’ केली : डोकं आणि अंग ठरावीक क्रमाने वळवून ते कण पुन्हा मूळ जागी सरकवायचे. पहिल्या वेळी सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. दोन बैठकांत चक्कर गेली. महिनाभर सोसलं ते आठवलं की अजून जीव तुटतो. तुमच्याकडे निदान कसं झालं, कोणते व्यायाम केले, काय चुकलं, सविस्तर लिहा.

रायबंदर
माझं वेगळं. तापानंतर एका पहाटे उठलो तो भिंत धरूनच. तीन दिवस उलट्या, पण ऐकू नीट येत होतं. तोल सांभाळणाऱ्या कानाच्या नसेला सूज, वेस्टिब्युलर न्यूरायटिस. चूक पुढे झाली. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी दिल्या होत्या, मी फार्मसीतून आणून अडीच महिने घेतल्या. फिजिओ म्हणाल्या, एक कान कमी सांगतोय हे मेंदूला कळलं पाहिजे, तरच तो जुळवून घेईल. गोळीने ते कळणंच झाकलं जातं. डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या.

व्यायाम अगदी साधा. भिंतीवर मोठा ‘अ’ चिकटवायचा, नजर त्यावरून हलू द्यायची नाही आणि मान ‘नाही’ म्हटल्यासारखी हलवायची. दिवसातून चार-पाच वेळा. पहिला आठवडा पोटात ढवळायचं, दोनदा सोडून देणार होतो. थोडी चक्कर यायलाच हवी, पण पंधरा-वीस मिनिटांत शमली पाहिजे; नाही शमली तर वेग कमी करायचा. मग चालता चालता मान वळवणं, वळणावर झटकन फिरणं. दीड-दोन महिन्यांनी चोडणच्या फेरीबोटीत कठडा न धरता उभा राहिलो. खाली पाणी हलतंय, बोट हलतेय, आणि मी उभा. डोळे भरून आले.

डिचोली
बाबा 76 वर्षांचे, जुना मधुमेह. गरगरत नाही, तोल जातो. डोळे मिटून तोंड धुताना, वीज गेल्यावर. तोल तीन गोष्टींवर उभा असतो : आतला कान, डोळे आणि तळपायांची जाणीव. बाबांचे तळपाय बधिर, म्हणून काळोखात आधार संपायचा. घराच्या कोपऱ्यात पाय जुळवून उभं राहायचं, जमलं की एका पावलापुढे दुसरं, मग जाड उशीवर. मी कायम जवळ उभा. खुर्चीतून हात न टेकता उठणं दहा वेळा. बाथरूममध्ये दांडी बसवली, रात्री दिवा ठेवला. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ दर आठवड्याला खरवडतो, तेही उपचाराइतकंच गरजेचं. चार महिने झाले. काठी सुटली नाही, पण देवळात जाणं परत सुरू झालं.

म्हापसा
मला मेनियर हा आतल्या कानाचा आजार आहे. कानात आवाज, ऐकू कमी, चक्कर तासन्तास. व्यायामांनी झटके थांबले नाहीत. त्यासाठी औषधं आणि मीठ कमी. पण दोन झटक्यांच्या मधलं डगमगणं कमी झालं. शुक्रवारच्या बाजारातल्या गर्दीत पुन्हा जाते.

मडगाव (फिजिओथेरपिस्ट)
कळकळीने सांगते, कोणत्या कानाचं आणि कोणत्या नळीचं हे तपासल्याशिवाय व्हिडिओ पाहून एप्ली करू नका. आतल्या कानातल्या आडव्या अर्धवर्तुळाकार नळीत कण असतील तर पद्धत निराळी. मानेचा किंवा दृष्टिपटलाचा त्रास असेल तर आधी सांगा. बीपीपीव्ही काही जणांना पुन्हा होतो. घाबरू नका, पुन्हा या.

काणकोण
काकांना चक्कर आली, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले. आम्ही पित्त समजून लिंबूपाणी देत बसलो. शेजारणीने 108 ला फोन केला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कळलं, लहान मेंदूतला स्ट्रोक. चालण्याचे व्यायाम नंतर आलेच, पण आधी ती गाडी. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, आधार दिल्याशिवाय उभंच राहता येईना, तर वाट पाहू नका.

फोंडा (धागा सुरू करणारी)
रायबंदरचे दादा, सासूबाईंना तुमचं मोठ्याने वाचून दाखवलं. मडगावच्या ताईंचंही वाचलं, तेव्हा आडवी नळी म्हणजे काय, हेही त्यांनी विचारलं. यंदा माटोळी मी बांधणार, त्या खालून सांगणार आहेत. रांगोळी मात्र त्यांचीच.